मेजरने जावे की राहावे

बारावीसाठी मला मुखेडहून लातूरला पाठवलं तेव्हा माझ्यासोबत एक गादी, एक बादली आणि मी डॉक्टर व्हावं ही अख्ख्या घराची हौस होती. गादी आणि बादली मावशीच्या घरात मावली. हौसेचं काय करायचं ते क्लासवाले बघणार होते. त्या काळात लातूरला येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या टपावरून अशा गाद्या उतरत. शहरातल्या निम्म्या घरांनी पुढच्या खोलीत खाटा टाकून पोरं ठेवली होती आणि उरलेल्यांनी मेस काढल्या होत्या.

माझी मावशी मेसवाल्यांपैकी. आईची ही सगळ्यात धाकटी बहीण. भूकंपाच्या आदल्या आठवड्यात ती बारशासाठी मुखेडला माहेरी आली होती आणि परतीची एसटी चुकली म्हणून एक मुक्काम जास्त राहिली. त्या मुक्कामात तिचं सासरचं गाव गेलं, घर गेलं, नवरा गेला. काही महिने ती सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मग आजोबांना म्हणाली, "मला सैपाक येतो, दुसरं काई येत न्हाई," आणि लातूरला क्लासच्या गल्लीमागे दोन खोल्या घेऊन तिने चूल मांडली. तिच्या येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीसाठी पोरं लांबच्या होस्टेलवरून पायी येत. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे. तेव्हा ती उंबऱ्यात बसून वाचायची.

काय वाचायची ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. त्या वर्षांत पॉकेटबुकांची एक मालिका निघत होती. नायक सैन्यातला मेजर, आणि तो पहिल्याच प्रकरणात बर्फाखाली मरतो. साध्या लेखकाची गोष्ट इथे संपली असती, पण हा मुरलेला होता. त्याने मेजरचा आत्मा सीमेवरच ठेवून घेतला आणि लष्करी दवाखान्यातल्या एका डॉक्टरणीला तेवढा तो दिसेल अशी सोय केली. आधी गार वारा सुटायचा, मग मोगऱ्याचा वास यायचा, मग मेजर. दिवसा तो शत्रूच्या तोफा बंद पाडायचा आणि दिवेलागणीला डॉक्टरणीशी गुलुगुलु बोलत बसायचा. मेल्यावर माणसाला एवढी कामं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

ही पुस्तकं आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानात भाड्याने मिळत. दुकान एका चाचांचं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकबांधणीचं काम. क्लासची हवा त्यांनी बरोबर ओळखली होती. मालिकेच्या प्रत्येक भागाला खाकी कव्हर घालून वर ठळक अक्षरांत त्यांनी 'ऑरगॅनिक केमिस्ट्री' असं लिहून ठेवलं होतं. गावाकडून अचानक तपासायला आलेल्या बापाला आपली पोरगी डोळ्यांत पाणी आणून केमिस्ट्री वाचताना दिसे, आणि बाप समाधानाने परतीची एसटी धरी.

मतं मांडायची जागा म्हणजे मावशीची पंगत. नवा भाग आला की आठवडाभर दुसरा विषय नसे. पोरांचा आक्षेप शास्त्रीय होता. मेजर भिंतीतून आरपार जातो, तर डॉक्टरणीचा हात त्याने धरला कसा, हे फिजिक्समध्ये बसत नाही, असं ते आमटी भुरकत सांगत. पोरींचं म्हणणं, धरला तर धरला, तुमचं काय जातंय. मध्येच एका भागात मेजरला मरणोत्तर बढती मिळाली, तेव्हा चाचांनी दुकानातून निरोप पाठवला, "मरने के बाद भी प्रमोशन? आमच्या पोराला जिता असून मिळून नाई राहिलं." बाजाराच्या दिवशी ज्वारी घेऊन येणारे आजोबासुद्धा एकदा थांबून ऐकत बसले आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मेलाय ना त्यो? मग पेन्शन कोनाला मिळून राहिली?" याचं उत्तर लेखकाकडेही नसावं.

मावशी या चर्चेत पडत नसे. ती भाकऱ्या थापायची, वाढायची, आणि कुणी विचारलंच तर "बरं हाय पुस्तक" म्हणायची. पण नवा भाग आल्याच्या दिवशी चाचांकडून पहिली प्रत तिच्याकडे यायची. हा चाचांचा नेम होता आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

पंगतीत एका कोपऱ्यात आमचे केमिस्ट्रीचे सर जेवत. खरी केमिस्ट्री, खाकी कव्हरातली नव्हे. नांदेडला शिकवणी घ्यायचे, मग लातूरला जास्त मागणी म्हणून इकडे आले. त्यांची बायको भूकंपाच्या वेळी माहेरी गेली होती, आणि तिचं माहेर मावशीच्या सासरपासून फार लांब नव्हतं. सर स्वभावाने इतके भिडस्त की वाढायला कुणी जवळ गेलं तर भाकरी ताटात पडायच्या आधीच हात आडवा धरून "बास" म्हणायचे. वर्गात मात्र ते राजे. आदर्श उत्तर सांगावं तर त्यांनीच. प्रस्तावना, तीन मुद्दे, खाली दुहेरी रेघ आणि 'यावरून हे सिद्ध होते'. ते सांगत आणि शंभर पोरं मान खाली घालून लिहून घेत. लातूरमध्ये स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिणारं पोरगं म्हणजे वाया गेलेलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर सर एसटीने मुखेडला गेले आणि रीतसर आजोबांना भेटले. मावशीशी लग्न करायची इच्छा आहे, असं त्यांनी सांगितलं, तेही मुद्देसूद. आजोबा आनंदले. त्यांनी मोठ्या मामाला विचारलं, माझ्या आईला विचारलं, गुरुजींना विचारलं, शेजारच्या वकिलालाही विचारलं. सगळ्यांचा होकार घेऊन ते लातूरला आले आणि मावशीला म्हणाले, "ठरलं समद्यांचं. तू फकस्त हो म्हन."

मावशी परातीत पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही. "पुढचा भाग येऊ द्या," ती म्हणाली, "मग सांगते."

आजोबांना आधी कळेचना कशाचा भाग. मी समजावून सांगितलं. मागच्या भागाच्या शेवटी एका जिवंत कॅप्टनने डॉक्टरणीला मागणी घातली होती आणि पडद्यामागे मेजर उभा होता. पुढे काय होतं ते मावशीला बघायचं होतं. आजोबांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मेलेल्या मानसाला इचारून जित्याचं लगीन ठरवून राहिली ही," ते म्हणाले, आणि जेवल्यावाचूनच निघत होते. येसराच्या वासाने त्यांना बसवलं.

मला तेव्हा मावशीचा राग आला होता, हे सांगूनच टाकते. सर चांगले होते. मावशी एकटी होती. एका पॉकेटबुकावर एवढं मोठं काही अडकवून ठेवायचं म्हणजे वेडेपणाची हद्द झाली, असं मला वाटे. मी बारावीत होते आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक उत्तर बरोबर असतं अशी माझी पक्की समजूत झाली होती.

यथावकाश तो भाग आला, आणि लेखकाने त्यात कहर केला होता. मेजरची तुकडी त्याने थेट भूकंप झालेल्या गावात आणून उतरवली. गावाला नाव दिलं नव्हतं, पण ज्वारीची कणसं आणि धाब्याची मातीची घरं होती, म्हणजे आमचंच. ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते मेजरच्या आत्म्याला दिसायचं, तो डॉक्टरणीच्या कानात सांगायचा, ती कॅप्टनला सांगायची आणि कॅप्टन तुळया उचलायचा. मधल्या वेळेत डॉक्टरीण पांढऱ्या साडीत चांदण्यात उभी राहायची. धूळ तिला लागत नसे.

पंगतीत मतांचा नुसता पाऊस पडला. पोरींना भाग फार आवडला. पोरांनी मेजरच्या यंत्रणेची तुलना कुठल्याशा परदेशी यंत्राशी केली. एक निलंग्याकडचा मुलगा, ज्याचं घर पुनर्वसनाच्या नव्या गावात होतं, तो मात्र म्हणाला, "चांदनं कुठलं आलं? पाऊस होता." तेवढ्यावर चर्चा थोडी मंदावली, आणि कुणीतरी मावशीला विचारलं, "मावशी, तुम्ही तर पाहिलंय. खरं वाटलं का?"

मावशी तवा उतरवत होती. "म्या पोचले तवा समद्या चिता पेटवून झाल्या होत्या," ती म्हणाली. "येशीपाशी एक जवान उभा होता. तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं मला पानी दिलं आन म्हनला, आगे मत जाओ बहन. म्या गेले न्हाई. त्याचं तोंड काई दिसलं न्हाई मला." मग तिने भाकरीची चळत पुढे सरकवली. "बाकी पुस्तक बरं हाय."

नवऱ्याचं शेवटचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. मी ताट तसंच ठेवून हात धुवायला उठले.

भागाच्या शेवटच्या पानावर लेखकाने चौकट टाकली होती. मेजरने आता जावे की राहावे, आपले मत वाचकांनी पत्राने कळवावे, बहुमताप्रमाणे शेवटचा भाग लिहिला जाईल. मावशीने ती चौकट ज्वारी घेऊन आलेल्या आजोबांना वाचून दाखवली. "आता शेवटचाच राहिला," ती शांतपणे म्हणाली. "येऊ द्या."

आजोबा तडक सरांच्या खोलीवर गेले. निवडणुकीत गावची मतं फिरवलेला माणूस तो, त्याला ही साधी गोष्ट वाटली. बहुमत पाहिजे ना, मग बहुमत करू. सर आधी कचरले, पण उत्तर लिहिण्याचा विषय निघाल्यावर त्यांच्यातला राजा जागा झाला. दुसऱ्या दिवशी, मावशी गंजगोलाईच्या बाजारात भाजी आणायला गेल्यावर, मेसच्या ओट्यावर आम्ही सगळे पेनं घेऊन बसलो आणि सरांनी सांगायला सुरुवात केली.

लेखक महोदय, सप्रेम नमस्कार. मेजरने जावे. मुद्दा पहिला, मृत व्यक्तीचे जिवंत व्यक्तीविषयीचे कर्तव्य तिच्या मृत्यूबरोबर संपते. मुद्दा दुसरा, डॉक्टरणीचे वय वाढत आहे, मेजरचे वाढत नाही. तिसऱ्या मुद्द्याला सर अडखळले, भिंतीकडे बघून म्हणाले, लिहा, कॅप्टन निर्व्यसनी असून जेवणास नावे ठेवत नाही. यावरून मेजरने जावे हे सिद्ध होते. खाली दुहेरी रेघ.

आम्ही लिहिलं. शब्दन्‌शब्द लिहिलं, कारण आम्हाला तेवढंच येत होतं. एकानेही एक शब्द बदलला नाही. मी तर रेघ मारायला पट्टी घेतली. पत्रं एकाच पेटीत पडली, आणि आजोबा निश्चिंत होऊन मुखेडला परतले. जाताना म्हणाले, "आता बघू मेजर कसा राहून राहतो."

शेवटचा भाग यायला उन्हाळा उजाडला. आमच्या परीक्षा झाल्या होत्या, निम्मी पोरं गावी गेली होती आणि नळाला पाणी आठवड्याने यायचं. चाचांनी पुस्तक स्वतः आणून दिलं. खाकी कव्हर घातलेलं नव्हतं. "ह्यो आखरी हाय, लपवायचं काय आता," असं म्हणत ते ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि मावशीकडे न बघता निघून गेले. गल्लीत सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

मावशीने दुपारभर उंबऱ्यात बसून भाग वाचला. एकदाही मान वर केली नाही. वाचून झाल्यावर पुस्तक फडताळात ठेवलं आणि सैपाकाला लागली. ती आत पाणी आणायला गेल्यावर मी घाईने शेवटची पानं चाळली. मेजर गेला होता. जाण्याआधी त्याने तीन पानं भाषण केलं होतं, डॉक्टरणीचा हात कॅप्टनच्या हातात दिला होता आणि 'मी तुला मुक्त करतो' असं म्हटलं होतं. मला हायसं वाटलं. मग मी वाचकांच्या पत्रांचं पान पाहिलं आणि माझे कान तापले. लेखकाने आमचं आदर्श उत्तर दुहेरी रेघेसकट छापलं होतं. खाली लिहिलं होतं, लातूरहून याच मजकुराची इतकी पत्रे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आली आहेत की, तेथील कोणा एका वाचकाला कॅप्टनची फारच काळजी असावी. आम्ही त्याच्या भावनेचा मान राखला आहे.

संध्याकाळी सर जेवायला आले. पंगतीत मोजकीच माणसं होती. आजोबाही त्याच दिवशी आले होते, ते योगायोगाने आलो म्हणत होते. मावशीने सगळ्यांना वाढलं, मग फडताळातलं पुस्तक काढून सरांच्या ताटाशेजारी उघडं ठेवलं.

"हे तुमचं हाय," ती म्हणाली.

सरांनी पान पाहिलं. आजोबांनी घसा खाकरला. "हो," सर म्हणाले. "माझंच आहे."

"जेवनाला नावं ठेवत न्हाई, हे वाचलं आन वळखलं." मावशी समोर पाटावर बसली. ती पंगतीत कधी बसत नसे. "तीन मुद्दे लिवले तुमी. मेजरचं कर्तव्य लिवलं, कॅप्टनचा सभाव लिवला, तिचं वय लिवलं. मेजर जाताना तिला कॅप्टनच्या हाती देऊन गेला. बाबा समद्या मुखेडला इचारून आले. चवथा मुद्दा राहिला तुमचा. तिला कोनी इचारलंच न्हाई."

आजोबा ताटात बघत राहिले. सरांनी हातातला घास खाली ठेवला. मग आम्हा सगळ्यांसमोर, आजोबांसमोर, त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मेजर जावा असं मला वाटत नव्हतं," मावशी म्हणाली. "राहावा असंबी न्हाई. तिच्याकडं त्यो रोज येत होता. माझ्याकडं एकदाबी आला न्हाई. सपनातसुदिक न्हाई. एवढी वर्सं झाली. मला वाटलं, लिवनाऱ्याला ठावं असंल कसं बोलवायचं ते. म्हनून वाचून राहिले होते म्या. कुठल्यातरी भागात सांगंल. आज संपलं पुस्तक, आन त्यानं काई सांगितलं न्हाई."

इतके भाग, इतकी पोरं, फिजिक्स, पेन्शन, आणि आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"तुमच्याकडं येती का तुमची बायको?" मावशीने सरांना विचारलं.

सरांनी मान हलवली. "न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी 'न्हाई' पहिल्यांदाच ऐकलं. क्लासमध्ये ते नेहमी 'नाही' म्हणत. "मीबी लई वाट पाहतो. न्हाई येत."

मावशी उठली. तव्यावरची भाकरी घेऊन आली आणि सरांच्या ताटापाशी वाकली. त्यांचा हात सवयीने आडवा आला, मग त्यांनीच तो मागे घेतला. तिने भाकरी ताटात टाकली.

"आपल्या दोघांकडंबी कोनी येत न्हाई," ती म्हणाली. "मग दार लावून घ्यायला हरकत न्हाई. बाबा, तुमी जेवा आता. माझं हो हाय."